आवडाबाईविषयी चार ओळी

फोन आला तेव्हा आवडाबाई मागच्या पडवीत बसून बोंबील साफ करत होती आणि मी पुढच्या खोलीत आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत होते. मंगळवारच्या खणात बुधवारची गोळी पडली होती, ती मी नखाने बाहेर काढत होते. फोनवर आवाज तरुण बाईचा, गोड, मुंबईचा. थळच्या पुढे समुद्राकडेला त्यांचा बंगला आहे, शनिवार-रविवारी रो-रो बोटीने येतात, स्वयंपाकाला कायमची बाई हवी आहे, मागे बाथरूमसकट स्वतंत्र खोली देणार आहेत. साइटवर आवडाबाईंचा फोटो पाहिला, चेहरा फार आवडला. ‘‘पण खाली तुमच्या नावाने शेरा आहे, म्हणून म्हटलं एकदा विचारून घ्यावं,’’ असं म्हणून तिने तो शेरा मला वाचून दाखवला. शाळेत मुलीला उभं करून धडा वाचायला लावावा तसा, प्रत्येक ओळीनंतर थांबत. हात सुस्त आहे. तोंडाने फटकळ आहे. न सांगता दांड्या मारते. घरातल्या वस्तू मोजून ठेवाव्यात.

‘‘हे बरोबर आहे ना, मॅडम?’’

मधलं दार उघडं होतं. मला आवडाबाईची पाठ दिसत होती, पोलक्याच्या खाली उन्हाने काळा पडलेला कमरेचा पट्टा, आणि उजव्या खांद्याची ती ओळखीची हालचाल. बोंबलाचं डोकं उडवायचं, पोट दाबायचं, पाण्यात टाकायचं. एकतीस वर्षं तो खांदा तसाच हलतो आहे. सुस्त हात म्हणे. तेवढ्यात मी डझनभर बोंबील पाण्यात पडलेले ऐकले. मला वाटलं, मी आता हसेन. हसून म्हणेन, अहो, तसं नाही ते, आमच्याकडे बोलायची रीत असते एक. पण हसू आलं नाही. नखाशी अडकलेली बुधवारची गोळी मी तिच्या खणात टाकली. मी म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

‘‘थँक यू हं. हल्ली इतकं खरं कुणी सांगत नाही.’’

मी फोन ठेवला. आतून आवडाबाई ओरडली, ‘‘कुनाचा वो बाय?’’

‘‘राँग नंबर.’’

‘‘राँग नंबरवाल्याशी लई येळ बोललाव!’’ ती म्हणाली आणि स्वतःच हसली. एकतीस वर्षांत मी तिच्या विनोदाला दाद दिल्याचं फारसं आठवत नाही, म्हणून ती आपली आपणच हसून घेते.

ते शब्द माझे होते, पण खरं म्हणजे ते माझ्या अम्मीचे होते. श्रीवर्धनला आमच्या घरामागे अब्बांची सुपारीची वखार होती. दिवाळीनंतर वाडीतल्या सुपाऱ्या उतरल्या की वखारीच्या अंगणात वीस-पंचवीस बाया बसायच्या, सोलायला आणि निवडायला. त्यांच्यात रंगू नावाची एक बाई होती. ती दोन सुपाऱ्या एकमेकींवर आपटून कानाजवळ धरायची आणि न बघता सांगायची, कुठली आतून किडकी आहे. मी दहा वर्षांची असेन. तिच्याजवळ बसून मीसुद्धा सुपाऱ्या आपटायची. मला सगळ्यांचा आवाज एकच यायचा. एकदा मुंबईचा एक शेठ माल बघायला आला आणि तासभर रंगूकडेच बघत उभा राहिला. मग अब्बांना म्हणाला, ‘‘आ बाई मने आपो ने, नजीबभाई, एक मोसम पूरती.’’ एका मोसमापुरती ती त्याला हवी होती. अब्बांना नाही म्हणता येत नसे. ते घुटमळले. तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्यामागून अम्मीचा आवाज आला, ‘‘तिला? ती आंधळी आहे निम्मी. अर्धा माल नासवते. दया येते म्हणून ठेवलीय आम्ही. वर तोंड हे एवढं.’’ सगळं अंगण ऐकत होतं. रंगू ऐकत होती. तिने मान वर केली नाही, हात थांबवले नाहीत, पण तिच्या ओठाचा एक कोपरा थोडासा आत ओढला गेलेला मी पाहिला. शेठ गेला. संध्याकाळी अम्मीने रंगूला कोळंबीचं कालवण बांधून दिलं. मी विचारलं, ‘‘अम्मी, खोटं का बोललीस?’’ तिने मला टपली मारली. ‘‘त्याला खोटं म्हणत नाहीत. वाडीला कुंपण घालतो ना आपण?’’

लग्न होऊन मी अलिबागला आले, कन्याशाळेत नोकरीला लागले, आणि पाहिलं तर इथेही घरोघरी तीच रीत. हिंदूंच्या घरी, आमच्या घरी, गुजरात्यांच्या घरी. आपल्या कामाच्या बाईबद्दल बाहेर बरं बोलायचं नाही. जितकी बाई चांगली तितकी तिची निंदा मोठी. ऐकणारीलाही ते कळायचं. शेजारच्या केसरबेन ओट्यावर बसून तांदूळ निवडताना विचारायच्या, ‘‘केम कुबराबेन, तुमची आवडा कशी हाय?’’ मी कपाळाला हात लावायची. ‘‘काही विचारू नका. हात असा चालतो जसा काही बाळंतिणीचा. काही बोलायला गेलं की फटकन तोंडावर उत्तर. आणि आली तर आली.’’ केसरबेन समाधानाने मान डोलवायच्या. ‘‘एटले अजून सोडून नाही गेली.’’ मग त्या त्यांच्या बाईला शिव्या द्यायच्या, आणि मला कळायचं की त्यांचंही ठीक चाललंय. आता केसरबेन नाहीत. त्यांच्या घराच्या जागी तीन मजले उभे आहेत आणि खाली एक दुकान आहे, तिथे पोहण्याच्या तलावात टाकायची पावडर मिळते.

निदाला ही रीत माहीत नव्हती. निदा माझ्या भाच्याची, उझैरची बायको. उझैर कतारला असतो. ती मुंब्र्याला फ्लॅटमध्ये वाढली, नवी मुंबईत एका कंपनीत माणसं भरतीचं काम करायची. सासूच्या आजारपणासाठी अलिबागला आली ती इथेच राहिली. तिचं म्हणणं असं की बंगलेवाल्यांना माणसं मिळत नाहीत आणि माणसांना बंगले मिळत नाहीत. मधे जे लोक आहेत ते दोघांना लुटतात. म्हणून तिने साइट सुरू केली, ‘हाकेवर’ नावाची. माळी, सुतार, तलाव धुणारे, नारळ उतरवणारे, स्वयंपाकाच्या बाया, बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ती माझ्या पलंगावर पाय दुमडून बसली. ‘‘खाला, मेरे पास सब कुछ है, फक्त माणसं नाहीत. ती तुमच्या डोक्यात आहेत.’’

होतीच. चोपन्न वर्षं मी या गल्लीत आहे. ज्यांना मी शिकवलं त्यांच्या आया मला माहीत आहेत, ज्यांच्या आया माहीत आहेत त्यांचे धंदे माहीत आहेत. मी सांगत गेले आणि निदाची बोटं चालत गेली. नागावचा शिवदास, माडावर चढतो. दारू पितो, पण उतरल्यावर. चढायच्या आधी कधी नाही. वरसोलीची एक बाई, तिच्या हातच्या घावनांना जाळी पडते ती दुसऱ्या कुणाच्या हातून पडणार नाही. एक सुतार, बहिरा, पण दार एकदाच बसवतो. मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं, हे लपवून काय करू? कितीतरी वर्षांनी कुणी मला काही विचारत होतं आणि लिहून घेत होतं. निदा म्हणाली, प्रत्येकाखाली जुन्या मालकाचा शेरा हवा, बंगलेवाले शेरा वाचल्याशिवाय फोन करत नाहीत. ‘‘आणि तुमच्याइतकं कोणाचं नाव चालणार, खाला? आधा अलिबाग तुमच्या हातचा मार खाल्लेला आहे.’’ मी हसले. त्या सगळ्या माणसांबद्दल मी खरं सांगितलं. एकही शब्द वावगा नाही. ती माणसं माझी नव्हती, म्हणून खरं सांगता आलं.

आवडाबाईने स्वतःच नाव घालायला सांगितलं होतं. भांडी पालथी घालता घालता म्हणाली, ‘‘बाय, तुमच्या सुनेच्या त्या मशिनीत माजं बी नाव लावा. र्‍हायला खोली देतात म्हनं बंगल्यावाले.’’ मी विचारलं, तुला खोली कशाला? तेव्हा कळलं की तिच्या मुलाने, गणराजने, भात लावायची जमीन तर मागेच विकली होती, आता राहतं घरही प्लॉटवाल्यांना दिलं. दिवाळीपर्यंत मोकळं करायचं. तो बायको-मुलीला घेऊन पनवेलला सासूकडे चालला. ‘‘मला बी चल म्हनतो. पर सुनंच्या आईच्या घरात मी कंच्या तोंडानं र्‍हाऊ? ती बसल्या जागी पानी मागनार आनि मी देनार. त्यापरीस पगार घेऊन दिलेलं बरं न्हाय का?’’ आणि पुन्हा आपली आपणच हसली.

मी तेव्हा काय म्हणाले? काही म्हणाले असेन. माझ्या घरात मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. माझ्या नवऱ्याने, नजमुद्दीनने, कुवेतच्या कमाईतून बांधल्या, एक अफानच्या लग्नानंतरसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. अफान माझा एकुलता मुलगा, शारजाला असतो, तीन वर्षांतून पंधरा दिवस येतो आणि त्यातले दहा दिवस सासरी काढतो. दर गुरुवारी आवडाबाई त्या खोल्यांची कुलपं उघडते, झाडते, पुसते, पलंगावरची चादर बदलते आणि पुन्हा कुलूप लावते. कुणी न झोपलेली चादर ती धुते. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं. भांडी पालथी घालणाऱ्या तिच्या हातांकडे बघताना त्या दोन पलंगांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर आले होते. पण कामाला येणारी बाई ही सकाळी येते आणि दुपारी जाते. तिचं जाणंही तिच्या येण्याइतकंच माझ्या अंगवळणी पडलेलं. ती रात्री या घरात खोकताना मला ऐकू येईल, हा विचारच मला पुढे करता आला नाही. नजमुद्दीन गेला त्या दिवशी मैयत निघाल्यावर घर भरलेलं होतं, सगळ्या नात्यागोत्याच्या बाया कुराण पढत होत्या, आणि आवडाबाई मागे एकटी शेजाऱ्यांकडून आलेले मोठे टोप घासत होती. संध्याकाळी तिने मला मोरीत नेऊन माझे पाय धुतले. मग पदराला हात पुसून घरी गेली. मला वाटतं, ती घरी गेली म्हणूनच मला त्या रात्री रडता आलं.

निदाला मी आवडाबाईचं नाव सांगितलं तेव्हा तिने आधीच तिचा फोटो काढून ठेवला होता. पडवीतल्या उजेडात, हसताना. निदा फोटोकडे बघून म्हणाली, ‘‘हिला तर आठ दिवसांत उचलतील, खाला. बंगलेवाले असल्या बाईसाठी जान देतात. बोला, काय लिहू?’’ मी नेहमीसारखं कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘काही विचारू नकोस. हात सुस्त, तोंड फटकळ, आणि दांड्या तर अशा...’’ आणि थांबले, ती हसेल म्हणून. कुणीही हसलं असतं. केसरबेन असत्या तर त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली असती. निदा हसली नाही. मान खाली घालून तिने ते टाइप केलं, टक टक टक, आणि मला एकदम कसंसं झालं, जसं चष्म्याशिवाय चालताना पायरी संपली आहे हे पायाला कळत नाही तसं. त्याच क्षणी मी म्हणू शकले असते, अगं, हे लिहायचं नसतं. ‘‘सो सॅड,’’ निदा म्हणाली. ‘‘चेहऱ्यावरून वाटत नाही. तरी घेतील, खाला. लोक अडलेत. अजून काही?’’

तरी घेतील. ते दोन शब्द मी ऐकले. तिच्यावर तीन ओळी टाकूनही ती जाणार होती. कुंपण ओलांडून सरळ समोरच्या दारातून. माझ्या डोळ्यांपुढे सकाळ आली, साडेसातची, कडी न वाजलेली. आणि मी म्हणाले, ‘‘घरातल्या वस्तू मोजून ठेवाव्यात.’’

अम्मी हे कधी म्हणाली नसती. मला आठवतं तेवढ्या सगळ्या बायांच्या सगळ्या निंदेत हे एक कधी नसायचं. आळशी म्हणा, भांडखोर म्हणा, अर्धी आंधळी म्हणा. हाताला चोर म्हणायचं नाही. ते एकदा म्हटलं की ती बाई तुमच्याकडेही राहत नाही आणि कुठेच राहत नाही. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणूनच मी ते निवडलं. एकदा नजमुद्दीनची अंगठी तीन दिवस सापडत नव्हती. मी कुणाला काही बोलले नव्हते, आवडाबाईला तर नाहीच. चौथ्या दिवशी ती मोरीच्या बाहेर गटारात खांद्यापर्यंत हात घालून बसलेली दिसली. अंगठी तिने खिडकीत ठेवली आणि हात धुवायला गेली. ते सुद्धा ती चौथी ओळ सांगताना मला आठवत होतं. आठवण माणसाला वाईट वागू देत नाही असं मी मुलींना शिकवत असे. कुठून आणलं होतं मी ते?

पंधरा दिवसांत शिवदासला अकरा बंगल्यांचे माड मिळाले. त्याने मला शहाळी आणून दिली, पायरीवरच उभा राहून म्हणाला, ‘‘बाई, तुमची किरपा.’’ घावनवाल्या बाईला मांडव्याच्या एका हॉटेलात बोलावणं आलं. बहिऱ्या सुताराचा फोन त्याचा भाचा उचलतो, तो दिवसभर उचलतच असतो म्हणे. आवडाबाई रोज येऊन आधी भिंतीवर टांगलेल्या पिशवीत फोन ठेवायची. आता कमरेला खोचून काम करायला लागली. भांडी घासताना मधेच साबणाच्या हाताने तो बाहेर काढून बघायची. ‘‘रेंज हाय ना वो हितं?’’ मला विचारायची. आहे, मी म्हणायची. ‘‘आवाज बारीक न्हाय ना झाला?’’ एकदा तिने मलाच माझ्या फोनवरून फोन करायला लावला. पडवीत तिच्या कमरेला तो वाजला, कसलं तरी देवीचं गाणं. तिने कानाला लावला आणि तिथूनच, माझ्यापासून दहा पावलांवर, फोनात म्हणाली, ‘‘हालो, कोन बोलतंय? आवडाबाय हाय, सयपाक सगला येतो.’’ मी फोन बंद केला. ती म्हणाली, ‘‘चालू हाय की बरोबर. मंग काय झालं?’’ सोमवारी ती माझ्याकडचा चहा पीत नाही, उपास असतो. मंगळवारी सरंगा माशाचं डोकं मागून नेते. त्या मंगळवारी तिने डोकं मागितलं नाही. घरातलं सामान निम्मं बांधून झालंय, चूल कुठे मांडायची, म्हणाली.

आणि मग तो बोंबलाच्या दिवशीचा फोन. त्याच संध्याकाळी निदा आली. मी तिला विचारलं, जणू काही सहज, ‘‘आवडाचं काय झालं गं?’’

‘‘काय होणार? दिवसाला शंभर जण बघतात, फोन एक नाही. तुम्हीच तसं सांगितलंत.’’

‘‘ते बदलता येतं का?’’

‘‘तुमचा शेरा आहे, तुम्ही म्हणाल तर आत्ता बदलते. एक मिनिटाचं काम.’’ तिने लॅपटॉप उघडला. पडद्याचा पांढरा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. ‘‘पण काय बदलू? त्यातलं खोटं काय आहे, खाला?’’

तिने ते टोमण्याने विचारलं नव्हतं. मुलगी साधी आहे. माझ्याकडे बघत, बोटं तयार ठेवून ती थांबली होती. मी शिक्षिका होते चौतीस वर्षं. माझ्यासमोर अशी बोटं तयार ठेवून हजारो मुली बसल्या, मी सांगेन ते उतरवून घ्यायला. मला वाटलं, आता मी म्हणाले की ते खोटं होतं, तर ती विचारेल, मग शिवदासचं? सुताराचं? ती विचारणार नाही, पण तिच्या डोळ्यांत ते येईल. तीच पुढे म्हणाली, ‘‘तुमच्या नावावर लोक डोळे मिटून फोन करतात, माहीत आहे? पूरा साइट तुमच्या शब्दावर उभा आहे.’’

‘‘राहू दे आज,’’ मी म्हणाले. ‘‘विचार करून सांगते.’’

तिने लॅपटॉप मिटला आणि उझैरच्या रजेबद्दल बोलायला लागली.

मी विचार केला नाही. पुढचे आठ दिवस मी विचार सोडून सगळं केलं. अफानला फोन केला, त्याने ‘अम्मी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवला. जुन्या वह्या काढल्या. नमाजला बसले की सलाम फिरवल्यावर दुआसाठी हात वर करायची आणि मागायला काही सुचायचं नाही. जे मागायचं ते मला द्यायला कुणाची गरजच नव्हती, ते माझ्याच हातात होतं. ऑक्टोबरचं ऊन, वारा पडलेला, पडवीच्या पत्र्याखाली उकडून निघायचं. आवडाबाईचा खांदा तसाच हलत होता. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि दुसरीकडे बघायला या घरात जागाच नाही.

दिवाळीला चार दिवस होते तेव्हा ती साडेसातला आली, नेहमीसारखी. फोन कमरेला नव्हता. झाडलोट केली, रात्रीची भांडी घासली, कपडे वाळत घातले. मग हात पुसत पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती कधी तिथे उभी राहत नाही.

‘‘बाय, काल पूनमनं वाचून दाखवलं.’’ पूनम म्हणजे गणराजची मुलगी, कॉलेजात जाते.

मी चष्मा काढला. का काढला, कोण जाणे.

‘‘पयल्या तीन ओळी वाचल्या तवा मला हसूच आलं. पूनम रडाया लागली. मी म्हनलं, येडे, ही बायची रीत हाय. केसरबेनला हेच सांगायच्या आनि मी आत भांडी घासत ऐकायची. म्हनायची, आज बाय लई खूश दिसतात माज्यावर.’’ ती थांबली. ‘‘मंग तिनं चौथी वाचली.’’

पंख्याचा आवाज येत होता. एका पात्याला काहीतरी लागतं, किती दिवस झाले, बघायला हवं.

‘‘ती निदानं घातली ना आपल्या मनानं? शहरातली पोर हाय, तिला काय ठावं. तसं सांगा, बाय. मी मानीन.’’

तिने ते इतकं हळू म्हटलं. मला दार उघडून दिलं होतं तिने, आणि बाजूला सरून उभी राहिली होती, मी निघून जावं म्हणून. हो म्हटलं असतं तर सगळं होतं तसं झालं असतं. निदाला तिने काही विचारलं नसतं. त्या एका वेळी माझ्या तोंडून खरं आलं, जेव्हा खऱ्याचा तिला काहीच उपयोग नव्हता.

‘‘मी सांगितली,’’ मी म्हणाले.

तिने मान हलवली, हिशोब जुळला की हलवावी तशी.

मी उठले. घाईघाईने बोलायला लागले. ‘‘मागची खोली उघडते मी. अफानची. तू तिथेच राहा, आवडा. पलंग आहे, पंखा आहे. आजच सामान आण. निदाला सांगून ते सगळं पुसून टाकते, आत्ता फोन करते, त्या बंगल्यातल्या बाईलाही...’’

‘‘कंची बंगल्यातली बाई?’’

तिला फोनचं माहीत नव्हतं. आता माहीत झालं. तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही, फक्त ती ज्या हाताने दाराची चौकट धरून उभी होती तो हात तिने काढून घेतला.

‘‘राँग नंबर,’’ ती म्हणाली. मग, ‘‘खोली होती की बाय तुमच्याकडं. मीच झाडते ती.’’

‘‘आता राहा.’’

‘‘हितं र्‍हायले तर सांजच्याला मी घरी कुटं जाऊ?’’

ती आत गेली. मला वाटलं, पिशवी घेऊन निघेल. पण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी जाऊन पाहिलं तर ती मांडणीवरची भांडी खाली काढत होती. ताटं, वाट्या, पेले. फळीवरचे टोप. ईदला काढायच्या तांब्याच्या बश्या. चमचे तिने सगळे एका ओळीत लावले, फरशीच्या रेघेवर. रागाने नाही, काहीही न आपटता, जशी ती दर रमजानच्या आधी सगळं घासायला काढते तशीच. एक खवणी तिने वेगळी उचलून स्वतःच्या पिशवीत घातली. ‘‘ही माजी हाय, आईची. ही धरू नका.’’ चौदा-पंधरा वर्षं मी त्या खवणीवर नारळ खवत होते. ती माझी नाही हे मला माहीत नव्हतं.

‘‘आता मोजा,’’ ती म्हणाली.

‘‘आवडा, नको.’’

‘‘लिवलंय ना? शंभर लोकांनी वाचलंय. मग मोजाया नको? माज्या म्होरं मोजा, मी उबी हाय.’’

‘‘अगं, मी तुझ्यावर कधी...’’

‘‘मोजा, बाय.’’

मी मोजायला लागले. खाली बसता येत नाही मला, ओट्याला धरून, वाकून, बोटाने दाखवत मोजत गेले. ताटं नऊ. वाट्या एकवीस. पेले. एका पेल्यावर नजमुद्दीनचं नाव कोरलेलं, आमच्या निकाहात आलेला. मी मधेच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं; ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात पुढे एकावर एक ठेवून, रिकामे. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एवढंच हवं होतं की हे बरोबर यावं. सगळं जागच्या जागी असावं, एकही चमचा कमी नसावा, म्हणजे मग मला म्हणता येईल, बघ, सगळं आहे, सगळ्यांना सांगते, सगळं आहे.

‘‘किती झाली?’’

‘‘एकशे अडतीस,’’ मी म्हणाले. मला धाप लागली होती.

‘‘आनि हवीत किती?’’

मी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा भांड्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत मी ती कधी मोजली नव्हती. गरजच पडली नव्हती. एकशे अडतीसच असायला हवीत, की दीडशे, की दोनशे, हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याकडे असा एकही आकडा नव्हता जो तिच्या बाजूने उभा राहील.

‘‘किती हवीत, बाय?’’ तिने पुन्हा विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत जायचं नाही अशी भिंतीला टेकून उभी राहिली.